पोरांना बिघडवायला लोखंड द्या : कौशल्य विकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी कोल्हापुरातला छोटा वर्कशॉपवाला. शिरोली एमआयडीसीत गाळा आहे, तीन लेथ (लोखंड फिरवून कापायची मशीनं), एक सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, बारा माणसं, फाउंड्रीवाल्यांचं म्हणजे ओतकाम करणाऱ्यांचं जॉबवर्क करतो. स्वतः आयटीआय टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, 1996 ची बॅच. हे सांगतोय कारण पुढं जे लिहिणार आहे ते आयटीआयला नावं ठेवणाऱ्याचं नाही, तिथलंच खाऊन मोठा झालेल्याचं आहे.

गेल्या महिन्यात ऑपरेटर हवा होता म्हणून चार पोरांना बोलावलं. सगळे आयटीआय पास, मार्क माझ्यापेक्षा चांगले. एकाला विचारलं व्हर्निअरचा (जाडी मोजायच्या मापकाचा) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप किती, पटकन म्हणाला 0.02 मिलिमीटर. शाब्बास. मग 30 मिलिमीटर जाडीचा लोखंडी बार चौघांच्या हातात दिला, म्हटलं मोजा. तिघांची तीन मापं आली आणि चौथा म्हणाला सर आम्ही व्हर्निअर बघितलाय पण तो कपाटात असायचा. खोटं वाटेल तुम्हाला, पण त्या पोराचा मला राग नाही आला, तो निदान खरं बोलला. थिअरीची परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते, चार पर्यायांतला एक निवडायचा, तिथं लीस्ट काउंट पाठ असला की झालं. बार मोजता येतो का हे कॉम्प्युटरला कळत नाही.

नंतर एका आयटीआयमध्ये पोरांशी बोलायला बोलावलं होतं (नाव घेत नाही, तिथल्या माणसांचा दोष नाही) तेव्हा वर्कशॉप बघितलं. चार लेथ चालू, बाकीच्यांवर प्लास्टिक. कुणाचा बेअरिंग गेलाय, कुणाची मोटर, आणि दुरुस्तीचा कागद वरच्या ऑफिसला जाऊन बसलाय. निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, एकच, दोन तुकड्या सांभाळतो, दुसरा तासिका तत्त्वावरचा, त्याला पगार कधी येईल ते त्यालाच माहीत नाही. आणि मग मी एक जॉब उचलून बघितला. स्टेप टर्निंगचा, म्हणजे बार पायऱ्यापायऱ्यांनी बारीक करायचा साधा जॉब होता पण तुकडा काळा पडलेला, जुना. विचारलं तर कळलं की तो मागच्या बॅचचा जॉब आहे, त्यांनी 25 मिलिमीटरचा 22 केला, ही बॅच 22 चा 19 करणार, पुढची बॅच काय करेल देव जाणे. नवीन माल मिळत नाही म्हणून तेच लोखंड बॅचमागून बॅच बारीक होत चाललंय. साहेब, मला तिथं बोलायला काही सुचेना. भाषण तयार करून गेलो होतो, कौशल्य वगैरे, ते खिशातच राहिलं.

जरा हिशोब मांडतो, आमच्या धंद्यात हिशोबाशिवाय चालत नाही. पूर्वी आयटीआयचा अभ्यासक्रम वर्षाला 1600 तासांचा होता, 2022 पासून तो 1200 केला आणि त्यात पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलचे तास 840. आता टर्नरच्या तुकडीत 20 पोरं आणि चालू लेथ चार. म्हणजे एका पोराच्या वाट्याला वर्षभरात मशीनवर 168 तास. तेही लाइट गेली नाही, निदेशक निवडणुकीच्या कामाला गेला नाही आणि रोज सगळं वेळेवर सुरू झालं तर. आठ तासांची शिफ्ट धरली तर हे 21 दिवस होतात. माझ्याकडं हेल्पर म्हणून लागलेलं पोरगं एवढा वेळ महिनाभरात मशीनपाशी उभं असतं.

आमच्या वेळी सगळं सोन्याचं होतं असं नाही म्हणणार. पण आमचे सर पहिले तीन आठवडे नुसती कानस मारायला लावायचे. लोखंडाचा तुकडा, व्हाइसमध्ये पकडायचा, घासायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडं धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घास. हाताला फोड यायचे. मी सहा तुकडे बिघडवले, सरांनी सातवा दिला, शिव्या दिल्या पण दिला. आज मी कुठलाही फ्लॅट हात फिरवून सांगतो सरळ आहे का नाही, ते त्या सहा बिघडलेल्या तुकड्यांमुळं. त्या तुकड्यांची किंमत तेव्हा सरकारनं भरली होती, आता ती भरायला कुणी तयार नाही एवढंच माझं म्हणणं आहे.

योजना नाहीत असं कोण म्हणेल? केंद्रानं मे 2025 मध्ये 1000 आयटीआय सुधारायला पाच वर्षांचे 60,000 कोटी मंजूर केलेत, त्यात राज्यांचा वाटा 20,000 कोटी. आपल्याकडं 2024 ची युवा कार्य प्रशिक्षण योजना, आयटीआय झालेल्याला महिना 8000. प्रशिक्षणार्थ्यांचं विद्यावेतन जे कित्येक वर्षं महिना 40 रुपये होतं ते 500 झालं, हे चांगलंच केलं, 40 रुपयांत एसटीचं तिकीट पण येत नव्हतं. पण मला भीती अशी आहे की या मोठ्या पैशातून मोठ्या वस्तू येतील. रोबो येईल, टचस्क्रीन येईल, त्याचं उद्घाटन होईल, फोटो निघतील आणि दोन वर्षांनी त्यावर पण प्लास्टिक. लोखंडाच्या बारचं उद्घाटन होत नाही ना, म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत, सरळ गोष्ट आहे.

शाळेचं खातं तुमचं नाही, माहीत आहे, पण पोरं तिथूनच येतात म्हणून सांगतो. 0.5 मोठं की 0.05, हे मला दहावी पास पोराला रुपये-पैसे करून समजवावं लागतं. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत, 2023 च्या, खेड्यांतल्या 14 ते 18 वयाच्या निम्म्याहून जास्त पोरांना तीन आकड्यांना एका आकड्यानं भागता आलं नव्हतं. ज्याला भागाकार येत नाही त्याला मी 20 मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे मापात 0.02 मिलिमीटरची चालणारी चूक, कशी शिकवू? आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख होईल. त्याच धोरणात आकडे आहेत, 19 ते 24 वयात असं शिक्षण घेतलेले आपल्याकडं 5 टक्क्यांहून कमी, जर्मनीत 75, दक्षिण कोरियात 96. 2025 येऊन गेलं. माझी पुतणी नववीत रिटेल विषय शिकते, पुस्तिकेतून, दुकानात न जाता. तिचा बाप किराणा दुकानदार आहे, तो हसतो.

कॉलेजची तर वेगळीच मजा. आता डिग्रीला ओजेटी आलंय, ऑन जॉब ट्रेनिंग, त्याचे क्रेडिट असतात. पोरं येतात गाळ्यावर, म्हणतात सर काम नको, फक्त सर्टिफिकेट द्या, लेटरहेडवर. एका पोरीनं तर मजकूर पण टाइप करून आणला होता. आणि मी सही केली. दोनदा केली. कारण बी.कॉम.च्या पोरांना मी लेथवर काय शिकवणार आणि कॉलेजमधून एक फोन सुद्धा आला नाही की हे पोरगं येतंय का. तेव्हा या सगळ्या नाटकात मी पण एक पात्र आहे, नुसतं तुम्हालाच बोलतोय असं समजू नका.

होत नाही म्हणावं तर तसंही नाही. शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन खात्यातला शास्त्रज्ञ माणूस नोकरी सोडून दुष्काळी गावात जाऊन बसला. त्यांनी आठवी ते दहावीच्या पोरांसाठी जो विषय केला त्यात वेल्डिंग, वायरिंग, शेती, रक्तगट तपासणं असं सगळं, आणि मुख्य म्हणजे पोरं खरी कामं करतात, गावातल्या लोकांची, पैसे घेऊन. शाळेचं गेट पोरंच बनवतात. वेल्ड वाकडा आला तर परत करायचा, कारण गेट लागणार आहे. पुस्तिकेला गेट लागत नाही.

आणि आमचं कोल्हापूर तरी काय, शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला ते गाव, आणि इथलं उद्यमनगर, कारखान्यांची वस्ती, उभं केलं ते म्हादबा मिस्त्रींसारख्या माणसांनी, इंजिनं खोलून बघून बघून शिकलेल्या. खोलायला इंजिन होतं म्हणून शिकले.

मागणी मोठी नाही. निदेशकांच्या रिकाम्या जागा भरा, कायमच्या, तासिकेवर नको. आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यामागं कच्च्या मालाचा वेगळा पैसा ठेवा, जो दुसऱ्या कशावर खर्च करता येणार नाही आणि ज्याचं भंगार झालं तर ऑडिटवाला प्राचार्यांना जाब विचारणार नाही. भंगार व्हायलाच तो द्यायचाय.

तोपर्यंत एक छोटं काम तरी करा. माझ्याकडं महिन्याला बारचे उरलेले तुकडे निघतात, कधी 150 किलो, कधी 200, भंगारवाल्याला जातात. शेजारच्या गाळेवाल्यांचे धरले तर टनभर होईल. मी त्या आयटीआयच्या प्राचार्यांना म्हटलं, फुकट घ्या, टेम्पो पण माझा, पोरांना बिघडवू दे. भला माणूस आहे, खूप वेळ गप्प बसला आणि म्हणाला, द्याल हो तुम्ही, पण साठा नोंदवहीत मी ते कुठल्या हेडखाली घेऊ?

साहेब, तेवढं हेड काढून द्या. टेम्पो तयार आहे.

आपला,
शिरोलीचा एक टर्नर