चार माईकचा सेट विकता आणि एकेकाने गा म्हणता: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन विभाग व ग्राहक सेवा विभाग

विषय: चार हँडमाईकच्या वायरलेस यूएचएफ सेटमधला मूळ रचनेचा दोष, खोक्यावरची दिशाभूल करणारी जाहिरात आणि आज दुपारी फोनवर मिळालेलं उत्तर

महोदय,

तुमच्या सेवा केंद्राने आज दुपारी फोन ठेवला, म्हणून आता लेखी कळवत आहे. बिलाची प्रत आणि चारही माईकचे अनुक्रमांक सोबत जोडले आहेत. मॉडेल कोणतं आहे, त्यात काय बसवलं आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्हीच ते बनवलं आहे.

तक्रार अशी: एक माईक चालू असताना आवाज ठीक येतो. दोन चालू केले तरी चालतं. तिसरा चालू केला की खरखर सुरू होते, आणि चौथा लावला की चौघांच्या आवाजात फाटल्यासारखी घरघर येते, मध्येच एखाद्या माईकचा आवाज गायब होतो, मध्येच दुसऱ्याच माईकचा आवाज त्या चॅनेलवर ऐकू येतो. गाणारे एकमेकांजवळ उभे राहिले की हे वाढतं, लांब गेले की कमी होतं.

हे सगळं मी फोनवर याच क्रमाने सांगितलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "चारही एकदम कशाला चालू करता? एकाने गावं, बाकीचे बंद ठेवावेत." मी म्हटलं, सेट चार माईकचा आहे, कराओकेच्या कार्यक्रमासाठी म्हणून विकलेला आहे, द्वंद्वगीत असतं, कोरस असतो, निवेदकाच्या हातात एक माईक कायम असतो. ते म्हणाले, "हो, पण गाणारा तर एकच ना?" मी म्हटलं, तुमच्या खोक्यावर चार जण हातात माईक घेऊन एकत्र गाताना दाखवले आहेत आणि खाली 'चार गायक, एकाच वेळी' असं छापलं आहे. त्यावर उत्तर आलं, "ते चित्र आहे हो, साहेब."

ते चित्र आहे! ग्राहक खोक्यावर छापलेलं वाचून पैसे देतो आणि कंपनीचा अधिकृत माणूस सांगतो की ते फक्त चित्र आहे. मी विचारलं, चारही माईकच्या फ्रिक्वेन्सी एकमेकांना मारतात हे तुम्हाला माहीत आहे का? ते म्हणाले, "इको जास्त झाला असेल, उजवीकडचं बटण कमी करा." मी पुन्हा सांगितलं की इको पूर्ण बंद आहे, तक्रार फ्रिक्वेन्सीची आहे. मग त्यांनी विचारलं, "गाणाऱ्यांचा सूर बरोबर लागतो का ते बघितलंत का? बऱ्याचदा प्रॉब्लेम आवाजात असतो, माईकमध्ये नसतो." माझ्याकडे येणारे लोक नोकरी-घर सांभाळून आठवडाभर एक गाणं घोटतात आणि शनिवारी येऊन गातात. तुमच्या माईकच्या दोषाचं खापर त्यांच्या गळ्यावर फोडायचा अधिकार तुमच्या माणसाला कोणी दिला? वरिष्ठांशी बोलायचं आहे म्हटल्यावर फोन ठेवला गेला.

आता दोष नेमका कुठे आहे ते लिहितो, म्हणजे 'आमच्याकडे अशी तक्रार आली नव्हती' असं कोणाला म्हणता येणार नाही.

तुमच्याच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर चार माईकच्या फ्रिक्वेन्सी दिल्या आहेत: अ ७४०, ब ७४५, क ७५०, ड ७५५ मेगाहर्ट्झ. सारख्या अंतरावर चार फ्रिक्वेन्सी. वायरलेस माईकचं काम करणाऱ्याला पहिल्यांदा शिकवतात ते हे, की असं करायचं नाही. दोन ट्रान्समीटर (म्हणजे सिग्नल सोडणारे दोन माईक) जवळ आले की त्यांचे सिग्नल एकमेकांच्या आउटपुट भागात आणि रिसीव्हरच्या पुढच्या भागात मिसळतात आणि त्यातून नवे, नको असलेले सिग्नल तयार होतात. त्यांतला सगळ्यात जोरदार काढायचा हिशोब सोपा आहे: एका फ्रिक्वेन्सीची दुप्पट, वजा दुसरी. अ आणि ब घ्या. ७४५ ची दुप्पट १४९०, वजा ७४०, उरले ७५०. म्हणजे बरोबर क चा माईक. ब आणि क घ्या: १५०० वजा ७४५, म्हणजे ७५५, ड चा माईक. उलट बाजूने १४९० वजा ७५०, म्हणजे ७४०, अ चा माईक. क आणि ड घेतले तर १५०० वजा ७५५, म्हणजे ७४५, ब चा माईक. चारपैकी एकही सुटत नाही. तुमच्या संशोधन विभागाने हा हिशोब कागदावर पाच मिनिटं केला असता तरी सेट बाजारात आला नसता.

फ्रिक्वेन्सीचा पट्टा तोच ठेवायचा होता तरी ७४०, ७४२, ७४८, ७५२ अशी विषम अंतरं ठेवता आली असती. या चौकडीत वरचा दुपटीचा हिशोब करा, किंवा दोन माईकची बेरीज वजा तिसरा असा हिशोब करून बघा, उत्तर चारपैकी कोणत्याही माईकवर पडत नाही. त्याला एका पैशाचाही जादा खर्च नव्हता. आणि फ्रिक्वेन्सी बदलायची सोय दिली असती तर ग्राहकानेच ते निस्तरलं असतं. तीही दिली नाही, सगळं कायमचं पक्कं करून ठेवलं आहे. त्यामुळे दुसरा असाच सेट घेऊन आठ माईक करायचे म्हटलं तर तेही शक्य नाही, दोन्ही सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर.

पण पट्टासुद्धा तोच का ठेवला, हा पुढचा प्रश्न. ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ हा भाग मोबाईल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलसाठी आहे आणि ७५८ ते ८०३ टॉवरकडून फोनकडे. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या या पट्ट्याचा काही भाग ५जीसाठी विकला गेला. तुमचा सेट त्यानंतर बनलेला आहे, खोक्यावरच तारीख आहे. अ आणि ब हे दोन माईक थेट फोनच्या पट्ट्यात बसतात, क आणि ड मधल्या मोकळ्या फटीत. एकेकटे लावूनही अ आणि ब जास्त त्रास देतात, क आणि ड कमी, त्याचं कारण हेच. कराओकेला गाणाऱ्याच्या एका हातात माईक असतो आणि दुसऱ्या हातात शब्द बघायला मोबाईल. पहिल्या रांगेत निम्मे लोक व्हिडिओ काढत असतात. भिंती भेदून हॉलच्या आत पोचणारा मोबाईलचा पट्टा बऱ्याचदा हाच असतो, आणि फोन त्या पट्ट्यावर बोलायला लागला की तुमच्या रिसीव्हरला माईकपेक्षा फोनच मोठा ऐकू येतो. हा सेट या पट्ट्यात विकायला डब्ल्यूपीसीची (वायरलेस उपकरणांना मंजुरी देणाऱ्या दूरसंचार विभागाच्या शाखेची) कोणती मंजुरी घेतली आहे? खोक्यावर, माहितीपत्रकात, माईकवर, कुठेही क्रमांक छापलेला नाही. तो मला लेखी हवा आहे.

"रिसीव्हर जवळ आणून ठेवा" हे आधीच्या फोनवर मिळालेलं उत्तर. रिसीव्हर माणसांच्या डोक्यांच्या वर, गाणाऱ्यांना सरळ दिसेल असा, लोखंडी रॅकच्या बाहेर, अँटेना व्ही आकारात उघडून ठेवलेला आहे. त्याने फरक पडला नाही. पडणारही नाही, कारण वरचा हिशोब रिसीव्हर किती लांब आहे ते बघत नाही. उलट माईक एकमेकांजवळ आले की तो जास्त लागू होतो.

आता माईकच्या बांधणीबद्दल. कराओकेच्या रात्री माईक पडतोच. नवखा माणूस गाणं संपलं की टेबलावर ठेवतो, तो गडगडतो आणि खाली येतो. पडताना जड बाजू खाली, म्हणजे जाळी आधी आपटते. म्हणून जाळी जाड पोलादी तारेची आणि कॅप्सूल (आवाज पकडणारा आतला भाग) रबराच्या गादीवर तरंगतं ठेवायचं असतं. जाळीने मार खायचा, कॅप्सूलला कळू द्यायचं नाही, आणि चेपलेली जाळी आटे फिरवून काढायची आणि नवी बसवायची. शुअर कंपनीचा एसएम५८ माईक १९६६ पासून याच पद्धतीने बनतो, आणि त्याची जाळी आजही सुटी मिळते. तुमच्या माईकची जाळी हाताने दाबली तरी आत जाते. ती ज्या आट्यांवर बसते ते आटे प्लास्टिकचे आहेत, वरून फक्त चंदेरी रंग दिला आहे. खोक्यावर मात्र 'संपूर्ण धातूची बॉडी' लिहिलं आहे. ब माईकचे आटे चिरले आहेत, जाळी हलते, आणि आत कॅप्सूल रबरावर नाही, गरम गोंदाच्या दोन थेंबांवर चिकटवलेलं आहे. म्हणूनच माईक हातातल्या हातात फिरवला तरी स्पीकरमधून घासल्याचा आवाज येतो. सुटी जाळी मागितली तर 'पार्ट येत नाही, पूर्ण माईक घ्यावा लागेल' हे उत्तर.

जाळीच्या आतला स्पंजही चिकटवलेला आहे. एकाच माईकवर एका संध्याकाळी वीस-पंचवीस जण तोंड लावून गातात. तो स्पंज काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायला हवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत घालायला हवा, नाहीतर ओल कॅप्सूलपर्यंत जाते आणि वरचा आवाज दबतो, वासही येतो. तुमचं माहितीपत्रक म्हणतं, 'ओल्या फडक्याने वरून पुसा.' तुमच्या घरच्यांना असा माईक तोंडाला लावायला द्याल का?

आवाजाचंही तेच. 'कार्डिऑइड' असं छापलं आहे. कार्डिऑइड माईक पाठीमागून जवळजवळ बहिरा असायला हवा, म्हणूनच मॉनिटर स्पीकर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा) त्याच्या शेपटीच्या समोर ठेवतात. तपासायची रीत सोपी आहे: गेन (मिक्सरवरची माईकची पातळी) न हलवता एक वीत अंतरावरून समोरून बोलायचं, मग तेवढ्याच अंतरावरून मागून, आणि मिक्सरचं मीटर बघायचं. चांगल्या माईकमध्ये १५ ते २० डेसिबलचा फरक दिसतो. तुमच्यात पाच-सहा. मागचा आवाज कापण्यासाठी असलेले कॅप्सूलमागचे छेद गोंदाने अर्धे बुजले आहेत, त्यामुळे फरक पडणार तरी कसा. त्यात नवखे गायक जाळीभोवती मूठ वळतात आणि उरलेले छेदही बंद होतात, मग माईक चहूकडून ऐकतो आणि शिट्टी मारतो. कराओकेसाठी माईक बनवणाऱ्याने लोक तो कसा धरतात हे धरूनच चालायला हवं. काही जण तळाशी धरतात, तिथे तुमची अँटेना आहे, हाताने झाकली की आवाज तुटतो. मग धरायचा कुठे?

बॅटरीचा दिवाही खोटं सांगतो. पेन्सिल सेल नवा अल्कलाइन असला तर दीड व्होल्टचा, रिचार्जेबल असला तर सव्वाच्या आसपास. तुमचा दिवा फक्त अल्कलाइनवर जुळवलेला आहे, म्हणून पूर्ण चार्ज केलेले सेल घातले तरी तो लगेच लाल होतो, आणि खरंच संपायला आले की काहीच न सांगता गाण्याच्या मध्यात माईक बंद पडतो. बटण सरकवलं की स्पीकरमधून 'धप्' आवाज येतो, तो वेगळाच.

या सगळ्याचं जास्त वाईट याचं वाटतं, की तुमच्याच कंपनीचा जुना वायरचा डायनॅमिक माईक आजही आमच्याकडे चालतो. जाळी बदलता येते, कॅप्सूलच्या दोन तारा डाग देऊन जोडता येतात, तीन पिनांची एक्सएलआर वायर लावली की घरघर नाही. त्या माईकच्या भरवशावर हा सेट घेतला. तो माईक बनवणारी माणसं तुमच्याकडे अजून असतील तर त्यांना हा नवा माईक उघडून दाखवा आणि ते काय म्हणतात ते ऐका.

पुन्हा स्पष्ट लिहितो: चार माईकचा सेट, चार गायकांचं चित्र, आणि एकेकाने गा असं कंपनीचं उत्तर. हे मी मान्य करणार नाही.

माझी मागणी ही: मोबाईलच्या पट्ट्याबाहेरचा, मंजुरी क्रमांक छापलेला, फ्रिक्वेन्सी बदलता येणारा चार माईकचा सेट बदलून द्या, सुटी जाळी आणि स्पंज मिळतील याची लेखी हमी द्या. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. 'रिपेअर करून देतो' हे चालणार नाही, कारण मूळ रचनेतला दोष रिपेअर होत नाही. कुरियरचा खर्च तुमचा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथे करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही, हे तुमच्या कायदा विभागाला माहीत असेल. सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात असे दोन्ही मुद्दे त्यात असतील. खोकं, माहितीपत्रक आणि चारही माईक एकत्र चालू असतानाचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून जपून ठेवलं आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या ज्या कराओके क्लबांशी माझा संबंध आहे त्यांना फ्रिक्वेन्सीचा हा हिशोब आजच पाठवत आहे, म्हणजे सेट घेण्याआधी ते शेवटचं पान वाचतील.

उत्तर फोनवर नको. ज्या इंजिनिअरने हे चार आकडे ठरवले त्याने सही करून लिहावं.

ध्वनिव्यवस्था प्रमुख,
कराओके क्लब, डोंबिवली

सोबत: बिलाची प्रत, माईकचे अनुक्रमांक, खोक्याचे आणि चिरलेल्या आट्यांचे फोटो