दिवाळीला येत नाही, म्हणून हे पत्र

ती. आई-बाबांस सा. न.

यंदा दिवाळीला येत नाही. तिकीट परवाच रद्द केलं. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी अर्धंच बोलले असते, म्हणून लिहिते.

२०२१ च्या थंडीत इथे अमेरिकेत एका मोठ्या दुकानात मी सामान स्वतःच स्कॅन करून पैसे भरत होते. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातली तांदळाची पिशवी आणि कढई राहून गेली. दारातच अडवलं, पोलीस आले, चोरीची केस लागली. दहाही बोटांचे ठसे घेतले. आई, तेव्हा कानाला तुझाच फोन होता, बाबांची शुगर सांगत होतीस. म्हणूनच इतकी वर्षं बोलले नाही. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही गं, लक्ष माझं नव्हतं.

गुन्हा कबूल करून दंड भरला असता तर त्याच दिवशी मोकळी झाले असते. वकीलबाईंनी थांबवलं. कबुली दिली आणि कोर्टानं थोडीशी जरी शिक्षा लावली, तर पुढे केस काढून टाकली तरी इमिग्रेशनवाले तुम्हाला दोषीच धरतात. आणि चोरी म्हणजे ‘नैतिक अधःपतन’. बाबा, तुमच्या सर्व्हिस रूल्समधलाच शब्द. पहिल्याच किरकोळ गुन्ह्याला सवलत असते, पण ती मागायची वेळ आली नाही. कबुली न देता क्लास केला, समाजसेवेचे तास भरले, केस निघाली.

तरी ग्रीन कार्डच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ यापुढे मी ‘होय’ लिहिलंय. अनिकेत म्हणाला, मिटलेलं कशाला उकरायचं? पण मिटलेलंही सांगावंच लागतं. ठसे त्यांच्याकडे आहेत, आणि खोटं बोललेलं सापडलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं. नानांच्या वेळी रामबागेच्या घरात लपवालपवीनं काय झालं, ते मी विसरलेले नाही.

अर्ज चालू असताना माझ्यासारखीनं परवानगीशिवाय देश सोडला, तर अर्जच सोडला असं धरतात. परवानगी मिळाली तरी परतताना विमानतळावर पुन्हा चौकशी होऊ शकते. इंटरव्ह्यू होईपर्यंत मी हलणार नाही. ठरलंय.

मी नीट आहे. घर उबदार आहे, रोज वरण-भात होतो, अनिकेत सोबत असतो. कोर्टाचा शिक्का असलेला केस संपल्याचा कागद हाती आला, त्या रात्री आपल्या इंदूरची रंगपंचमीची गेर, ती रंग उधळत निघणारी मिरवणूक, आठवली. राजवाड्यावर गुलालात काही दिसेना, तेव्हा बाबांनी खांद्यावर घेतलं होतं आणि मी त्यांचे केस घट्ट धरले होते.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका. जाण्यायेण्याची सोय मी इथून करते. सराफ्यातली जिलबी बंद म्हणजे बंद. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. आत्यानं विचारलं तर खरं तेच सांगा.

आणि फोन रोज कर. दुकानात असले तर उचलणार नाही, बाहेर पडल्यावर मीच लावीन.

तुमची,
छकुली