पडद्यावर बदललेला ‘ल’

पुणे,
१८ जानेवारी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची फाइल मिळाली. रात्री जागून जुळवलेल्या स्लाइड सकाळी सभागृहातल्या संगणकावर उघडाव्यात आणि अक्षरांचा तोंडवळाच बदललेला दिसावा, शीर्षकाची शेवटची ओळ चौकटीबाहेर गेलेली असावी, हे मीही भोगले आहे. पण तू सारे खापर तिथल्या मुलावर फोडलेस. तो बिचारा निर्दोष आहे.

पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये सहसा फॉन्टचे केवळ नाव जाते, फॉन्ट जात नाही. तुझा ‘टिरो देवनागरी मराठी’ त्या संगणकावर नसल्याने त्याच्या जागी दुसरा आला, आणि प्रत्येक फॉन्टची रुंदी व ओळीची उंची निराळी असल्याने मजकूर फुगला. गंमत म्हणजे वरच्या पट्टीत नाव टिरोचेच दिसत राहते. म्हणून नावावर विसंबू नकोस, ‘ल’कडे पाहा. २०२२ च्या शासन निर्णयाने मान्य केलेला पाकळीयुक्त ‘ल’ तुझ्या फाइलमध्ये आहे, तर तू पाठवलेल्या सभागृहाच्या छायाचित्रात ‘जलसंधारण’ या शब्दात हिंदी वळणाचा दंडयुक्त ‘ल’ उभा आहे. यावर उपाय असा की, फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जाऊन फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करावा आणि तेही केवळ वापरलेली अक्षरे न घेता सर्व अक्षरांसह, म्हणजे ऐनवेळी दुरुस्ती करता येते. काही फॉन्टच्या परवान्यात याला मनाई असते. टिरो मुक्त परवान्याचा असल्याने ती अडचण नाही.

थीमचा, म्हणजे स्लाइडच्या रंग-अक्षरांच्या तयार साच्याचा, फॉन्ट बदलल्यावर इंग्रजी शब्दच तेवढे बदलले, या तुझ्या दुसऱ्या तक्रारीचे मूळ वेगळे आहे. थीममध्ये लॅटिन, पूर्व आशियाई आणि जटिल लिपी असे वेगवेगळे रकाने असतात व देवनागरी शेवटच्यात मोडते. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीपुढे ‘मंगल’ या फॉन्टचे नाव लिहून ठेवलेले असते, त्यामुळे तुला न विचारता मंगल हजर होतो. स्लाइड मास्टरमधून, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ आराखड्यातून, फॉन्टचा नवा संच करून त्या रकान्यात टिरो भर; मला तो रकाना ऑफिसच्या भाषांत मराठी जोडल्यावरच दिसला होता. हे ठाऊक नसल्याने मी एकदा एकेक चौकट निवडून फॉन्ट बदलण्यात अख्खा रविवार घालवला होता.

चौदाव्या स्लाइडची गोष्ट मात्र न्यारी. तो मजकूर तू श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलमधून उचललास, आणि त्यात मुळात युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या पद्धतीची, अक्षरे नाहीतच. इंग्रजी चिन्हांना मराठी आकार चढवलेले आहेत. ‘रिप्लेस फॉन्ट्स’ या सोयीने सगळीकडचा फॉन्ट सरसकट बदलताच तो मुखवटा गळून पडला आणि कंस-उद्गारचिन्हे उघडी पडली.

बाकीच्या स्लाइड दुरुस्त करून पीडीएफसह पाठवत आहे. चौदावी तेवढी तुलाच पुन्हा टंकावी लागेल, कारण मूळ मजकूर तुझ्याकडेच आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद