“वरचं पाणी कुठंय?” असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण नदीतल्या वनस्पतीप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची मोजणी करणारी आणि माझ्यासारखीच चूक करून बसलेली आणखी कितीतरी मुलं असतील, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

उन्हाळ्याचे आकडे घेऊन मी तुमच्या टेबलाशी आले, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. दर पंधरा दिवसांनी नदीवर जायचं, प्रत्येक ठिकाणाहून लिटरभर पाणी आणायचं, कोऱ्या चहासारखा रंग येईपर्यंत त्यात नमुना टिकवणारं लुगोलचं आयोडीन घालायचं, दोन दिवस बाटली हलवायची नाही, मग वरचं पाणी नळीने काढून टाकायचं आणि तळाशी बसलेलं तेवढं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, असा माझा क्रम होता. हिवाळ्याचे आकडे छान जुळले होते. पण ऐन उन्हाळ्यात डोहावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसत असताना माझ्या तक्त्यात नील-हरित शैवाल जवळपास नव्हतंच! वाऱ्याने साय दुसऱ्या काठाला गेली असेल, असं कारणही मी लिहून मोकळी झाले होते. तुम्ही तक्ता बाजूला ठेवलात आणि विचारलंत, “वरचं पाणी कुठंय?”

ते बेसिनमध्ये गेलं होतं.

तुम्ही रागावला नाहीत. डोहातलं ताजं पाणी जाड काचेच्या बाटलीत काठोकाठ भरलंत, बूच लावलंत आणि हातोडीचा एकच ठोका दिलात. बघता बघता दुधट हिरवं पाणी गडद झालं आणि थोड्या वेळाने वर तरंगणारे कण खाली बसायला लागले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेबान यांनी 1895 मध्ये हाच प्रयोग केला होता, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. सायीतलं नील-हरित शैवाल म्हणजे मायक्रोसिस्टिस. त्याच्या पेशींत वायूने भरलेल्या बारीक पुटिका असतात, त्यांच्या जोरावर तो पृष्ठभागाशी, उजेडात तरंगतो. ठोक्याच्या दाबाने पुटिका मिटतात आणि पेशी बुडतात. म्हणजे मी तळाचा गाळ जपत होते आणि उन्हाळ्याचा खरा मालक वरच्यावर ओतून देत होते.

प्रत्येक नमुन्याची जोडबाटली, म्हणजे त्याच पाण्याची न उघडलेली दुसरी बाटली ठेवायचा आग्रह तुमचाच होता. तेव्हा मला तो जाच वाटायचा, आज कबूल करते. त्या बाटल्या उघडून तुम्ही माझ्याबरोबर सगळा उन्हाळा पुन्हा मोजलात. दाट नमुने न बसवता, नीट हलवून थेट मोजायचे. मायक्रोसिस्टिसच्या चिकट गोळ्यातल्या पेशी सुट्या होत नसतील, तर किंचित अल्कली घालून गरम करायचं. सेजविक-राफ्टर या मोजणीच्या काचपट्टीच्या 50 मिमी लांब, 20 मिमी रुंद आणि 1 मिमी खोल खाचेत बरोबर 1 मिली पाणी मावतं. त्या एवढ्याशा जागेत तुम्ही मला तासन्‌तास बसायला शिकवलंत.

डायटम या सिलिकाचं कवच असलेल्या शैवालाचंही तसंच. मी दिसेल ते कवच मोजायची. तुम्ही म्हणालात, आत हरितद्रव्य दिसतंय का ते आधी बघ, रिकामं कवच म्हणजे मेलेला डायटम. त्यानंतर पावसाळ्याचे माझे आकडे निम्म्यावर आले. ते बघून मी खट्टू झाले, पण खरे आकडे तेच होते. पुरात पाणी गढूळ, उजेड आत पोचत नाही, आणि पेशी दुप्पट व्हायच्या आत प्रवाह त्यांना पुढे वाहून नेतो. शिवाय दगडांवरचे नॅविक्युला, निट्शिया हे डायटम खरवडून पाण्यात येतात, म्हणून प्रवाही प्लवकांत तळाचे पाहुणे मिसळलेले दिसतात. पावसाळ्याचे ते नमुने “रिकामे” म्हणून मी टाकणार होते.

आता वर्ष कसं उलगडतं ते दिसतं. पाऊस ओसरला, पाणी निवळलं, की जमिनीवरून आलेल्या सिलिकावर डायटम वाढतात. त्यांतल्या ऑलाकोसायराच्या जड साखळ्यांना मात्र घुसळण लागते, पाणी संथ झालं की त्या तळाला जातात. मग पेडियास्ट्रम, सेनेडेस्मस यांसारखी हिरवी शैवालं पुढे येतात. आणि प्रवाह अगदी मंदावला, डोहात पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं आणि तापलं, की मायक्रोसिस्टिस. पहिल्या तक्त्यात ही साखळी हिरव्या शैवालापाशीच तुटत होती. स्फुरद आणि तापमान यांचे माझे सगळे आलेख त्यामुळे लंगडे होते, आणि चुकीच्या आकड्यांवर मी खात्रीने बोलत होते. तुम्ही ते थांबवलंत, याचे आभार कसे मानू?

तुमच्या नावापुढे ना पदवी, ना शोधनिबंध. प्रबंधाच्या आभारांत मार्गदर्शकांनंतर एका ओळीत तुमचा उल्लेख करायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. उन्हाळ्याचं प्रकरण तुमच्या प्रश्नावर उभं आहे, आणि मी तसंच लिहिलंय.

एक काम बाकी आहे. थंडीतल्या एका बाटलीत बारीक, किंचित वळलेला तंतू सापडलाय, आडव्या भिंती पुसट दिसतात. चार दिवस शैवालं ओळखायची किल्ली चाळतेय, नाव सापडत नाही. बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवलीय, आयोडीनचा रंग उतरला म्हणून दोन थेंब वाढवलेत. आणि वरचं पाणी तसंच आहे. सोमवारी येऊ का?

तुमची विद्यार्थिनी