अकरा मशिनांची शपथ

कोल्हापूर

प्रिय सुमे,

शिव्या फोनवर घाल, आधी हे वाच. पाच महिने तुझे मिस्ड कॉल बघून मोबाइल उपडा ठेवतेय. तब्येत बरी. वजन विचारू नकोस.

गौरी आल्या त्या सकाळी दारात रांगोळीला बसले. 21 ठिपक्यांची, आपली पैजेची. पहिलीच रेघ सापासारखी गेली. हात थोडा थरथरतो हे जुनंच, बशीत कप वाजतो तेवढं. पण त्या दिवशी कोपरापासून हलत होता, आणि मग उलट्या. रक्तात लिथियमची, म्हणजे माझ्या बायपोलरच्या (मनाच्या चढउतारांच्या) गोळीची, पातळी 1.6! एरवी 0.7 असते. दोष माझाच. गुडघ्यासाठी मेडिकलमधून पेनकिलर आणून आठवडाभर खाल्ली, त्यात हरितालिकेचा निर्जळी उपास. दोन्हींनी लिथियम अंगात साठतं, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. तरीही. (शंकर मिळून पंचवीस वर्षं झाली, आता कशाला उपास, हे तू म्हणणार. म्हण.)

दोन दिवस सलाइन. थायरॉइडची गोळी आधीपासून होतीच, आता किडनीचं क्रिएटिनिनही चढून बसलंय, उतरायचं नाव नाही. डॉक्टर म्हणतात, लिथियम हळूहळू कमी करू.

सुमे, हे औषध 1949 पासून वापरात आहे. म्हणजे आमच्या सासूबाईंच्या वयाचं, आणि गुणही तेच: जाच करतं, पण घर धरून ठेवतं. ते गेलं तर मला धरणार कोण? बाकीची औषधं बघून झाली. ओलान्झापिनने चौदा किलो दिले, शिवाय साखर वाढायला लागली. व्हॅल्प्रोएटने फणीत केसांचे पुंजके. क्वेटिआपिन घेतलं की रात्री आठलाच झोप, आणि सातच्या शाळेत मी फळ्याला टेकून. नुसती थरथर थांबवायला प्रोप्रॅनोलॉल असतं, पण माझा दमा आडवा.

उरलं लॅमोट्रिजिन. दोन आठवडे 25 मिलिग्रॅम, मग दोन आठवडे 50, असं मुंगीच्या पावलांनी वाढवायचं, कारण घाई केली तर अंगावर जिवावर बेतणारं पुरळ येऊ शकतं. एक पुटकुळी दिसली तरी फोन करा म्हणाले. आता मी आंघोळीनंतर आरशापुढे नव्या नवरीसारखी उभी असते.

पण खरी भीती पुरळाची नाही. ही गोळी मन खाली पडताना सावरते, वर उडताना तितकी नाही. आणि माझं वरचं तू बघितलंयस. अकरा शिलाई मशिनं घेतली होती मी! त्या वेळी तू माझ्या माघारी ह्यांना फोन केलास, मी तुला चोंबडी म्हणाले आणि वर्षभर बोलले नाही. तुझं बोलणं खोचक होतं, हे अजूनही म्हणते. पण ह्यांना काही कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, बायको खुशीत आहे. मलाही तेच वाटत होतं गं.

म्हणून लिहितेय. रात्री दोनला माझा मेसेज आला, मी तुझं वाक्य तोडून बोलायला लागले, किंवा कसला 'धंदा' सुचला म्हणाले, तर मला विचारू नकोस. सरळ ह्यांना फोन कर. मी चिडेन, वाट्टेल ते बोलेन. हे पत्र तेव्हा मला वाचून दाखव.

चिन्मयचं ॲडमिशन झालं का? काकूंच्या मोतीबिंदूचं? सगळं सविस्तर कळव.

सोमवारपासून 25 सुरू.

तुझी,
मंदा

ता. क. तुझ्याकडचं मशीन परत मागितलं, तरीही फोन कर.