धर्मांची तुलना करताना: लेकीला पत्र

ठाणे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

वाशीच्या कॉलेजसाठी लिहिलेला तुझा आराखडा वाचला. विषय अवघड आहे, तरी सोडू नकोस. मांडणी मात्र बदल. आपला ग्रंथ आणि दुसऱ्याच्या दंगली शेजारी ठेवल्या की निकाल आधीच ठरतो. ग्रंथाशी ग्रंथ लाव, धर्मकायद्याशी धर्मकायदा, इतिहासाशी इतिहास.

हिंसेवरचं वचन घेतलंस की मागचं-पुढचं वाच. कुराणातली ९:५ ही आयत (मूर्तिपूजकांना सापडतील तिथे मारा) इस्लामचे विरोधक सांगतात आणि ९:६ गाळतात. तिथे आश्रय मागणाऱ्या मूर्तिपूजकाला सुरक्षित जागी पोचवायला सांगितलंय. समर्थक ५:३२ (एका निरपराधाला मारणं म्हणजे सगळ्या माणसांना मारणं) सांगतात, ५:३३ मधल्या हातपाय तोडण्याच्या शिक्षा गाळतात. बायबलात मत्तय ५:३९ मध्ये दुसरा गाल पुढे करायचा आहे, तर १ शमुवेल १५:३ मध्ये अमालेकी या शत्रू टोळीची तान्ही बाळंही मारायची आहेत. आपल्याकडे ‘अहिंसा परमो धर्मः’ लिहिलंस, तसं मनुस्मृती ८.२७० ही लिही: द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटावी. ते वगळलंस तर २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती का जाळली, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

इतिहासाचा रकाना वेगळा ठेव. १३२१ साली आपल्या ठाण्यातच चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक मारले गेले. हकीकत ओडोरिक या युरोपीय प्रवाशाची, आणि तो त्यांच्याच पंथाचा. म्हणजे साक्ष एकाच बाजूची, हे नोंदव. पुढे पोर्तुगीजांनी साष्टीत देवळं पाडली, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय, चालवलं. यातलं काय ग्रंथातून आलं आणि काय सत्तेतून, हे दर वेळी वेगळं सिद्ध करावं लागतं. धम्मपद १२९ सांगतं की दंडाला सगळेच भितात, तरी म्यानमारमधल्या काही भिक्खूंनी मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरवलाच.

धर्मांतराबद्दल तू फक्त ‘आत कसं येतात’ एवढंच विचारलंस. बाहेर पडता येतं का, तेही विचार. कुराणात २:२५६ मध्ये धर्मात सक्ती नाही असं आहे. पण पारंपरिक फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मकायद्यात, इस्लाम सोडणाऱ्या प्रौढ पुरुषाला देहदंड आहे, आणि आजचे अनेक मुस्लिम अभ्यासक तो नाकारतात. तिन्ही गोष्टी लिही. ज्यू प्रचार करत नाहीत. येणाऱ्याला तिघांच्या धर्मपीठापुढे उभं राहावं लागतं, मग विधिस्नान, पुरुषांची सुंता. नेताजी पालकरांना १६७६ मध्ये परत हिंदू करून घेतलं, हेही विसरू नकोस. कायद्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा स्टॅनिस्लॉस निकाल वाच: प्रचाराचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही.

ग्रंथ म्हणजे सगळीकडे एकच वस्तू नव्हे. ठाण्यातलं बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) १८७९ चं. अशा ठिकाणची तोरा या ज्यू धर्मग्रंथाची गुंडाळी चर्मपत्रावर पिसाच्या लेखणीने लिहितात, ३,०४,८०५ अक्षरं. एक जरी तडकलं तरी दुरुस्तीपर्यंत ती वाचनाला चालत नाही. गुरू ग्रंथसाहिब तर १७०८ पासून साक्षात गुरूच, रात्री सुखासनात, म्हणजे विश्रांतीला, ठेवतात. वेद कानाने जपले गेले. त्यामुळे ‘पुस्तकाचा अपमान’ प्रत्येकाला वेगळा झोंबतो.

दुसरा खर्डा पाठवताना प्रत्येक वचनाखाली क्रमांक आणि अनुवादकाचं नाव टाक. एका आयतीचे दोन अनुवाद जुळले नाहीत, तर दोन्ही दे.

तुझा,
बाबा