'च्या नादात' आणि कोरियन व्याकरण

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी वडगावात राहते, दिवसा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते आणि रात्री ऑनलाइन कोरियन शिकते. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी झाली, आता पाचवी गाठायची आहे. त्याला 300 पैकी 190 गुण लागतात. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या खानापूरच्या दोघींनी मध्येच क्लास सोडला. अक्षरं त्यांना माझ्याआधी आली होती. अडलं ते वरच्या पातळीच्या व्याकरणाशी, कारण ते सगळं इंग्रजीतून शिकवलं जातं.

क्रियापदाला लागणारं 'नुरागो' घ्या. आम्हाला त्याचा अर्थ 'कारण' एवढाच सांगितला होता. दोन महिने माझं प्रत्येक वाक्य चुकून परत येई. एका संध्याकाळी आई म्हणाली, "फोनच्या नादात आमटीत मीठ घालायचं राहिलंच बघ की!" तेव्हा लख्ख उजेड पडला. नुरागो म्हणजे आपलं 'च्या नादात'. एकात गुंतलो, म्हणून दुसरं राहिलं. त्याच्यापुढे आज्ञाही येत नाही. 'फोनच्या नादात मीठ घाल' असं आपण तरी कुठे म्हणतो? फरक एकच, आणि तो पक्का लक्षात ठेवावा लागतो. 'फोनच्या नादात दूध उतू गेलं' हे मराठीत चालतं, कोरियनमध्ये नाही. बोलणारी मी आणि उतू गेलं दूध, असे दोन कर्ते नुरागोला चालत नाहीत. तिथे 'मला गॅस बंद करता आला नाही' असंच म्हणायचं. दुधाचंच सांगायचं असेल तर 'नुन बारामे' घ्यायचं, म्हणजे 'अचानक फोन आला आणि दूध गेलं'.

'जेवण तर राहू दे, पाणीसुद्धा विचारलं नाही' यातल्या 'तर राहू दे'ला 'उनखोन्यंग' आहे. 'गणपत गल्लीत गेले तर दुकान बंद' यातल्या 'गेले तर'ला 'कात्तोनी'. आणि ऐकीव बातमी तर आपल्या घरातलीच. आजी म्हणते 'येतो म्हणे', शेजारच्या काकू कन्नडमध्ये 'बरतानंत', कोरियन माणूस 'ओन्देयो'. तिन्हीकडे 'मी ऐकलंय, पाहिलेलं नाही' हे वाक्याच्या शेवटी येतं. सीमाभागातल्या पोरींच्या कानात हे लहानपणापासून दोन-दोन भाषांत आहे. मग इंग्रजीचा वळसा कशाला?

कोरियन शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की वरच्या पातळीचं व्याकरण तरी मराठी-कन्नड वाक्यांवरून समजावा. आपण पुरवणीत आठवड्याला चार ओळींची जागा दिलीत तर माझी वही हजर आहे.

त्या दोघींपैकी एकीला परवा मी आमटीचं वाक्य पाठवलं. रात्री तिनं स्वतःची तीन वाक्यं करून पाठवली. त्यातली दोन बरोबर होती.

आपली,
एक विद्यार्थिनी
वडगाव, बेळगाव